शाम्पूच्या बाटलीपासून तेलविहिरीपर्यंत : पाण्यात दोन रेणूंची गाठ पडते तेव्हा

केस धुण्याच्या शाम्पूकडून एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा केली जाते. त्याने केसांवरील तेल, घाम आणि धूळ काढून टाकावी. आणि त्याच वेळी केसांवर असे काही ठेवून जावे की धुतल्यानंतर ते मऊ राहतील व विंचरताना गुंतणार नाहीत. चिकटलेले सारे सोडवून नेणारे द्रावण काही नवे चिकटवून कसे जाते? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरासाठी रसायनशास्त्रज्ञांना कित्येक दशके खर्ची घालावी लागली.

हे उत्तर शाम्पूतील दोन घटकांच्या परस्परसंबंधात आहे. पहिला घटक फेस आणणारा, मळ सोडवणारा. त्याला रसायनशास्त्रात पृष्ठक्रियाकारक किंवा सर्फॅक्टंट म्हणतात. दुसरा घटक पाण्यात विरघळणारे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर. हे दोघे पाण्यात एकत्र आले की त्यांच्या गुणांची केवळ बेरीज होत नाही. कधी द्रावण दाट होते, कधी एकाएकी पातळ होते. कधी त्यात साका धरतो आणि आणखी थोडा पृष्ठक्रियाकारक घालताच तो नाहीसाही होतो. कोणता परिणाम घडेल हे प्रामुख्याने दोघांच्या प्रमाणावर आणि त्यांच्यावरील विद्युत प्रभारावर ठरते. शाम्पू, इमल्शन रंग आणि प्रथिनांच्या चाचण्या यांपासून ते जमिनीखालील खडकात अडकलेले खनिज तेल बाहेर काढण्यापर्यंत अनेक ठिकाणी हाच हिशेब मांडावा लागतो. आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारतासाठी तो केवळ पुस्तकी राहत नाही.

डोके पाण्यात, शेपटी पाण्याबाहेर

पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूला दोन टोके असतात. एक टोक जलस्नेही असते. त्याला ‘डोके’ म्हणण्याची पद्धत आहे. दुसरे टोक म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची तेलासारखी लांब ‘शेपटी’. ती पाणी टाळते. असा रेणू पाण्यात पडला की तो पृष्ठभागाकडे धाव घेतो आणि डोके पाण्यात, शेपटी हवेत अशी जागा पकडतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअस तापमानाला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. पृष्ठक्रियाकारकामुळे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. फेस टिकणे, पाणी कापडात झटकन शिरणे या गोष्टी त्यामुळेच शक्य होतात.

पृष्ठभागावरील जागा भरली की उरलेले रेणू दुसरा मार्ग शोधतात. पाण्यातच अनेक रेणू एकत्र येऊन शेपट्या आत व डोकी बाहेर अशी गोलाकार मोळी बांधतात. तिला ‘मायसेल’ म्हणतात. प्रयोगशाळांत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या सोडियम डोडेसिल सल्फेट किंवा ‘एसडीएस’ या पृष्ठक्रियाकारकाच्या एका मायसेलमध्ये साधारण ६० रेणू असतात. मात्र ही मोळी कोणत्याही संहतीला बांधली जात नाही. एसडीएसच्या बाबतीत लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे अंदाजे २.३ ग्रॅम इतकी संहती गाठली जाईपर्यंत रेणू सुटे राहतात आणि त्यानंतर घातलेले बहुतेक सारे रेणू मायसेलमध्ये जातात. या उंबरठ्याला ‘क्रांतिक मायसेल संहती’ असे नाव आहे. मळातील तेलकट कण मायसेलच्या तेलासारख्या गाभ्यात सामावले जातात आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

साबणाच्या द्रावणातील या मोळ्यांची कल्पना जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. जन्माने कॅनेडियन असलेले मॅकबेन त्या वेळी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे संशोधन करीत होते. सुटे प्रभारित रेणू आपणहून एकत्र येऊन स्थिर समूह बनवतात, ही गोष्ट त्या काळातील अनेक शास्त्रज्ञांना सहजासहजी पटली नाही. पुढील संशोधनाने मात्र ती खरी ठरवली. याच मॅकबेन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद भूषवले. या प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते.

लांब साखळीचे रेणू

दुसरा घटक म्हणजे बहुवारिक. एकसारखे लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन हजारो दुव्यांची साखळी तयार होते, तिला बहुवारिक म्हणतात. पाण्यात विरघळणारी बहुवारिके स्वयंपाकघराला अपरिचित नाहीत. तांदळाच्या पेजेला दाटपणा देणारा स्टार्च, जेलीतील जिलेटिन आणि अनेक सॉस व आइस्क्रीममध्ये वापरला जाणारा गवारीचा डिंक ही त्याचीच उदाहरणे आहेत. पाण्यात अशी साखळी ताठ उभी राहत नाही. सैल सुटलेल्या लोकरीच्या गुंड्याप्रमाणे ती बरीच जागा व्यापून पसरते. म्हणूनच अगदी थोडे बहुवारिकही पुष्कळ पाण्याला दाट करू शकते. या दाटपणालाच शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात.

यांपैकी गवारीचा डिंक भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. जगातील गवार उत्पादनात भारताचा वाटा सुमारे ८० टक्के मानला जातो आणि त्यातही राजस्थान आघाडीवर आहे. कमी पावसावर येणाऱ्या या पिकाच्या शेंगांची भाजी मराठी घरांत नेहमीचीच. उद्योगांना मात्र हवा असतो तो तिच्या बियांमधील डिंक. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून साखळीवर धन प्रभार असलेले गट बसवता येतात. ‘ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ हे लांबलचक नाव अनेक शाम्पूंच्या घटकांच्या यादीत आढळते. ते या प्रक्रिया केलेल्या गवार डिंकाचेच असते.

आलेखातील दोन वळणे

पृष्ठक्रियाकारक आणि बहुवारिक यांच्यातील जवळीक प्रथम स्पष्टपणे दिसली ती पृष्ठताणाच्या मोजमापांतून. केवळ पाण्यात एसडीएस थोडे थोडे वाढवत नेले तर पृष्ठताण उतरत जातो आणि क्रांतिक मायसेल संहतीला आलेख एकदाच वळून सपाट होतो. पाण्यात आधीपासून पॉलिइथिलीन ऑक्साइड हे प्रभाररहित बहुवारिक असेल, तर मात्र आलेखाला दोन वळणे येतात. हे निरीक्षण एम. एन. जोन्स यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोंदवले आणि ते या विषयातील पायाभूत काम मानले जाते.

दोन वळणांचा अर्थ असा. पहिल्या वळणापाशी, म्हणजे लिटरमागे साधारण ४ ते ५ मिलिमोल इतक्या संहतीला, एसडीएसच्या मोळ्या बांधल्या जाऊ लागतात. परंतु त्या मोकळ्या पाण्यात तयार होत नाहीत, तर बहुवारिकाच्या साखळीला धरून तयार होतात. नेहमीच्या उंबरठ्याच्या बऱ्याच आधी हे घडते. या संहतीला ‘क्रांतिक समूहन संहती’ म्हणतात. साखळीवर जागा असेपर्यंत नव्याने घातलेले रेणू तिकडेच जात राहतात. साखळी भरली की संहती पुन्हा वाढू लागते आणि दुसऱ्या वळणानंतर नेहमीसारखे मोकळे मायसेल तयार होतात.

साखळीच्या सहवासात मोळी लवकर का बांधली जाते? मायसेलच्या बाह्य पृष्ठावर सर्व डोकी दाटीवाटीने बसलेली नसतात. एसडीएसच्या डोक्यांवर ऋण प्रभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि त्या फटींतून आतील तेलकट गाभ्याचा काही भाग पाण्याला उघडा पडतो. ही स्थिती ऊर्जेच्या दृष्टीने महाग असते. बहुवारिकाच्या साखळीचे काही दुवे त्या फटींवर येऊन बसले की उघडा भाग झाकला जातो आणि डोक्यांमधील ओढाताणही सौम्य होते. थोडक्यात, साखळीमुळे मोळी बांधण्याचा खर्च कमी होतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ बर्नार्ड काबान यांनी १९७७ मध्ये चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने या समूहांची रचना तपासली. लांब साखळीवर ठरावीक अंतराने मायसेल ओवलेले, जणू मण्यांची माळ, असे चित्र त्या काळातील अभ्यासांतून पुढे आले आणि आजही ते ढोबळ मानाने ग्राह्य धरले जाते. माळेतील प्रत्येक मण्यावर ऋण प्रभार असल्याने मणी एकमेकांना दूर ढकलतात, साखळी ताणली जाते, अधिक जागा व्यापते आणि द्रावणाची श्यानता वाढते. दोन्ही घटक वेगवेगळे असताना पातळ असलेली द्रावणे एकत्र केल्यावर अधिक दाट होतात, त्याचे एक कारण हे आहे.

ही जवळीक सर्वांशी सारखी नसते. साखळी फार आखूड असेल, म्हणजे तिचा रेणुभार काही हजारांपेक्षा कमी असेल, तर परिणाम क्षीण होतो. डोक्यावर धन प्रभार असलेले पृष्ठक्रियाकारक अशा प्रभाररहित साखळ्यांशी फारसे जुळवून घेत नाहीत. त्यांची डोकी मोठी असल्याने मायसेलचा गाभा आधीच बऱ्यापैकी झाकलेला असतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रभार नसलेले पृष्ठक्रियाकारकही बहुधा अलिप्तच राहतात.

विरुद्ध प्रभारांची भेट

साखळी आणि पृष्ठक्रियाकारक यांच्यावर विरुद्ध प्रभार असले की चित्र पालटते. धन प्रभारित बहुवारिकाच्या द्रावणात ऋण प्रभारित एसडीएस घातल्यास नेहमीच्या उंबरठ्याच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्शाइतक्या संहतीलाही रेणू साखळीवर जमू लागतात. या आकर्षणामागे केवळ धन-ऋणाची ओढ नसते. बहुवारिक आणि पृष्ठक्रियाकारक या दोघांभोवती प्रभार तोलून धरणाऱ्या लहान आयनांचा मेळा असतो. दोघे एकमेकांना भेटले की हे लहान आयन मुक्त होऊन पाण्यात पसरतात आणि निसर्ग ज्या विस्कळीतपणाला अनुकूल असतो, तो वाढतो. शिवाय साखळीवर आलेल्या शेपट्या शेजारी शेजारी बिलगतात. त्यामुळे एक रेणू आला की पुढच्याला येणे अधिक सोपे होते.

पृष्ठक्रियाकारक आणखी वाढवला की एक टप्पा असा येतो की साखळीवरील सर्व धन प्रभार ऋण प्रभारांनी तोलले जातात. प्रभार संपला की साखळीचे पाण्याशी असलेले नाते सैल होते. द्रावण गढूळ होते आणि साका खाली बसतो. नासलेल्या दुधासारखे दिसणारे हे द्रावण पाहून प्रयोग फसला असे कोणी समजेल. परंतु पृष्ठक्रियाकारक घालणे तसेच चालू ठेवले, तर साक्यातील साखळ्यांवर नवे मायसेल चढतात, या वेळी एकूण प्रभार ऋण होतो आणि सारे पुन्हा विरघळून द्रावण नितळ होते. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेत ई. डी. गॉडर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात धन प्रभारित सेल्युलोज आणि एसडीएस यांच्या मिश्रणात हा संपूर्ण क्रम तपशिलाने नोंदवला. पुढे गॉडर्ड यांनी के. पी. अनंतपद्मनाभन यांच्यासह संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तांब्याभर पाण्याने काय बदलते

आता शाम्पूच्या कोड्याकडे परत येता येते. बाटलीत ऋण प्रभारित पृष्ठक्रियाकारक सहसा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, तर धन प्रभारित बहुवारिक बहुधा एक टक्क्याहूनही कमी. म्हणजेच बाटलीतील मिश्रण साक्याचा टप्पा ओलांडून पलीकडच्या, नितळ प्रदेशात असते. प्रत्येक साखळीवर गरजेपेक्षा जास्त मायसेल बसलेले असतात आणि त्यांच्या ऋण प्रभारामुळे साखळ्या पाण्यात सुखाने विरघळून राहतात.

केसांवर पाणी ओतले की काय होते, हे समजून घेताना एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. पाण्याने दोन्ही घटक सारख्याच पटीने विरळ होतात. त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. बदलते ती पृष्ठक्रियाकारकाची संहती. ती दहापट, वीसपट खाली आली की मोकळे मायसेल कमी होत जातात आणि साखळीवर अतिरिक्त बसलेले रेणूही सुटू लागतात. साखळीवरील जादा ऋण प्रभार ओसरतो, तोल साधला जातो आणि नितळ द्रावणातून बहुवारिक व पृष्ठक्रियाकारक यांचे दाट, जेलीसारखे सूक्ष्म थेंब वेगळे होतात. हे थेंब केसांवर बसतात. केसांच्या पृष्ठभागावर धुण्याच्या नेहमीच्या परिस्थितीत ऋण प्रभार असतो आणि रसायने वापरून रंग काढलेल्या किंवा झिजलेल्या केसांवर तो अधिक असतो. त्यामुळे अशा जागी थेंब जास्त धरून राहतात.

या प्रकारे मळ मायसेलबरोबर आधी वाहून जातो आणि मऊपणा देणारा पातळ थर शेवटच्या पाण्याबरोबर बसतो. कामाची वाटणी बाटलीत न होता न्हाणीघरात, पाणी ओतण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात होते. सिलिकोनचे बारीक थेंब किंवा कोंड्यावरील औषधाचे कणही याच जेलीसारख्या थेंबांबरोबर डोक्यावर उतरवले जातात. बहुवारिकाचे प्रमाण चुकले तर थर वारंवार साचून केस जड आणि चिकट वाटू लागतात. पृष्ठक्रियाकारकाचे प्रमाण चुकले तर बाटलीतच साका धरतो. उत्पादकाला या दोहोंमधील अरुंद पट्टा सांभाळावा लागतो.

प्रथिनेही साखळ्याच

बहुवारिकांच्या कुळात प्रथिनेही येतात. अमिनो आम्लांच्या या साखळ्या ठरावीक घड्या घालून आपापला आकार धारण करतात. एसडीएस प्रथिनाला भेटले की त्या घड्या उलगडते आणि साखळीभर बसते. एक ग्रॅम प्रथिनावर साधारण १.४ ग्रॅम एसडीएस बसते, असे १९७० मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे ढोबळ मानाने दर दोन अमिनो आम्लांमागे एक रेणू. परिणामी प्रथिनाचा स्वतःचा प्रभार झाकला जातो आणि सर्व प्रथिनांवर त्यांच्या लांबीच्या प्रमाणात ऋण प्रभार येतो. विद्युत क्षेत्रात जेलमधून सरकताना मग त्यांची वर्गवारी केवळ आकारमानानुसार होते. उलरिक लेमली यांनी १९७० मध्येच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेली या तंत्राची सुधारित रीत आज जगभरातील जीवरसायन प्रयोगशाळांत नित्याची आहे. लस, प्रतिपिंडे, सर्पविष किंवा दुधातील प्रथिने तपासताना याच रीतीचा आधार घेतला जातो.

हीच जवळीक त्वचेच्या बाबतीत मात्र अडचणीची ठरते. तीव्र पृष्ठक्रियाकारक त्वचेतील केराटिन या प्रथिनावर बसतो आणि धुतल्यानंतर त्वचा ओढल्यासारखी, कोरडी वाटते. सौम्य उत्पादनांमध्ये त्यावर उपाय म्हणून वेगवेगळे पृष्ठक्रियाकारक एकत्र मिसळले जातात किंवा योग्य बहुवारिक घातले जाते. त्यामुळे त्वचेवर हल्ला करू शकणारे मोकळे रेणू कमी होतात. ते आपसांत किंवा साखळीशी बांधलेले राहतात.

रंगाच्या डब्यातील कोडे

भिंतीला लावायच्या इमल्शन रंगात हेच नाते वेगळ्या रूपात भेटते. या रंगांना दाटपणा देण्यासाठी खास बहुवारिके वापरतात. त्यांच्या साखळीच्या टोकांना तेलासारखे लहान गट जोडलेले असतात. पाण्यात हे गट एकमेकांना शोधतात आणि साखळ्या परस्परांत गुंफून सैल जाळे तयार होते. ब्रश फिरवताना जाळे तुटते व रंग सहज पसरतो; ब्रश थांबला की जाळे पुन्हा जुळते आणि रंग भिंतीवरून ओघळत नाही.

अशा द्रावणात थोडा पृष्ठक्रियाकारक घातला तर श्यानता आधी वाढते. एकाच मायसेलमध्ये दोन-तीन साखळ्यांची टोके शिरतात आणि तो मायसेल गाठीसारखे काम करून जाळे बळकट करतो. परंतु पृष्ठक्रियाकारक आणखी वाढवला की प्रत्येक टोकाला स्वतंत्र मायसेल उपलब्ध होतो, गाठी सुटतात आणि द्रावण झपाट्याने पातळ होते. पांढऱ्या रंगात छटा आणण्यासाठी रंगीत पेस्ट मिसळली की रंग कधी कधी अपेक्षेपेक्षा पातळ होतो. त्या पेस्टमधील पृष्ठक्रियाकारक हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण असते. अधिक घातले म्हणजे अधिक परिणाम होतो, हा नेहमीचा समज येथे स्पष्टपणे मोडीत निघतो.

खडकात अडकलेले तेल

या नात्याची सर्वांत खर्चिक परीक्षा जमिनीखाली होते. तेलसाठ्यातील तेल हे तळ्यासारखे साठलेले नसते. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. नैसर्गिक दाब ओसरल्यानंतर विहिरींतून पाणी सोडून ते पुढे ढकलले जाते. तरीही जगभरातील सरासरी पाहता साठ्यातील साधारण एक तृतीयांश तेलच बाहेर येते. उरलेले तेल दोन कारणांनी मागे राहते. एक तर पाणी तेलापेक्षा पातळ असल्याने ते तेलाला सरळ ढकलण्याऐवजी सोप्या वाटांनी पुढे निसटते. दुसरे म्हणजे, तेल आणि पाणी यांच्या सीमेवरील ताणामुळे छिद्रांतील तेलाचे थेंब अडकून बसतात.

पहिल्या अडचणीवर बहुवारिक हा उपाय आहे. अंशतः जलविच्छेदित पॉलिअॅक्रिलामाइडसारखे बहुवारिक मिसळले की पाणी दाट होते आणि आघाडी धरून तेलाला समान रेषेत पुढे नेते. दुसऱ्या अडचणीवर पृष्ठक्रियाकारक उपयोगी पडतो. योग्य पृष्ठक्रियाकारकाने तेल-पाण्याच्या सीमेवरील ताण मीटरमागे २०-३० मिलिन्यूटनांवरून एका मिलिन्यूटनाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत खाली आणता येतो. मग थेंब अरुंद छिद्रांतून ताणले जाऊन सुटतात.

राजस्थानातील बाडमेर भागात २००४ मध्ये सापडलेल्या आणि २००९ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या मंगला तेलक्षेत्रात बहुवारिकयुक्त पाण्याचा मोठ्या प्रमाणावर वापर केला जातो. तेथे अल्कली, पृष्ठक्रियाकारक आणि बहुवारिक या तिघांना एकत्र सोडण्याचा प्रायोगिक उपक्रमही राबवण्यात आला. त्याआधी गुजरातमधील विराज क्षेत्रात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने अशाच त्रिकुटाचा प्रयोग केला होता.

दोन्ही औषधे एकाच पाण्यात मिसळणे मात्र वाटते तितके सोपे नाही. खडकाला चिकटून वाया जाऊ नयेत म्हणून बहुधा दोन्ही घटक ऋण प्रभारित निवडले जातात. सारखे प्रभार एकमेकांना टाळतात. त्यामुळे साका धरण्याची भीती नसते, परंतु वेगळाच धोका उद्भवतो. साखळ्यांना स्वतःसाठी जागा हवी असते आणि मायसेलनाही. संहती वाढली की द्रावण दोन थरांत विभागले जाते : एकात बहुवारिक अधिक, दुसऱ्यात पृष्ठक्रियाकारक अधिक. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत हे थर डोळ्यांना दिसतात. खडकात मात्र ते छिद्रे बंद करू शकतात किंवा तेलापर्यंत एकच घटक पोहोचवतात.

भूगर्भातील पाण्याचा खारेपणा ही गुंतागुंत वाढवतो. मिठामुळे साखळीवरील प्रभार झाकले जातात, ती आक्रसते आणि दाटपणा घटतो. कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असल्यास काही पृष्ठक्रियाकारक खाली बसतात. कठीण पाण्यात साबणाला फेस न येण्यामागेही हेच कारण असते. तापमान, खारेपणा आणि दोघांचे प्रमाण यांची जुळणी प्रत्येक तेलक्षेत्रासाठी नव्याने करावी लागते. लक्षावधी लिटर द्रावण जमिनीत सोडल्यानंतर चूक सुधारण्याची संधी नसते, म्हणून काचेच्या नळीतील चाचण्यांना एवढे महत्त्व येते.

न्यूट्रॉनांच्या नजरेतून

मायसेल काही नॅनोमीटर आकाराचे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाने ते दिसत नाहीत. साखळीवर ते कसे बसले आहेत, हे पाहण्यासाठी लघुकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णन हे तंत्र विशेष उपयोगी ठरले आहे. हायड्रोजन आणि त्याचे जड रूप असलेले ड्युटेरियम न्यूट्रॉनांना वेगवेगळ्या प्रकारे विखुरतात. साधे पाणी आणि जड पाणी योग्य प्रमाणात मिसळून असे द्रावण तयार करता येते की दोहोंपैकी एक घटक न्यूट्रॉनांना जणू अदृश्य होतो आणि दुसऱ्याची रचना स्पष्ट दिसते. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत हे तंत्र उपलब्ध आहे. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या या अणुभट्टीच्या साहाय्याने मायसेलांचे आणि प्रथिने व पृष्ठक्रियाकारक यांच्या संयुक्त रचनांचे अभ्यास झाले आहेत. प्रथिनाच्या उलगडलेल्या साखळीवर मायसेल मण्यांसारखे ओवलेले असतात, या चित्राला तेथील निरीक्षणांनीही पुष्टी दिली.

अशा मोजमापांचा उपयोग आता नव्या प्रश्नांसाठी होत आहे. खनिज तेलापासून बनणाऱ्या पृष्ठक्रियाकारकांऐवजी साखर आणि वनस्पती तेलांपासून मिळणारे, सूक्ष्मजीव सहज विघटित करू शकतील असे पर्याय पुढे येत आहेत. त्यांच्या डोक्यांवर बहुधा प्रभार नसतो. त्यामुळे धन प्रभारित साखळीशी त्यांचे नाते एसडीएससारखे जुळत नाही आणि जुनी सूत्रे जशीच्या तशी चालत नाहीत. गवारीसारखी वनस्पतिजन्य बहुवारिके वापरायची, तर त्यांच्यावर किती प्रभार बसवावा आणि साखळीची लांबी किती राखावी, हेही पुन्हा ठरवावे लागते. बियांपासून केवळ डिंक काढून विकण्यापेक्षा असे प्रक्रिया केलेले पदार्थ तयार करण्यात अधिक मोल आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान बव्हंशी द्रावणातील या नात्याचेच आहे.

शाम्पू असो, रंग असो वा तेलविहीर, अनुभव एकच सांगतो. पाण्यात दोन पदार्थ एकत्र आले की त्यांतील प्रत्येकाचे वेगळे गुण माहीत असणे पुरेसे नसते. कोण किती आहे, त्यांच्यावर कोणता प्रभार आहे आणि भोवती पाणी व मीठ किती आहे, यावर नितळ द्रावण, साका, जेली किंवा दोन थर यांपैकी काय हाती लागेल हे ठरते. न्हाणीघरात ओतलेले तांब्याभर पाणी हा बदल दररोज घडवून आणते. तेलक्षेत्रातील अभियंत्याला मात्र तो पाणी सोडण्यापूर्वीच ओळखावा लागतो.